पत्त्यांच्या आधीचा युगी: जेव्हा खेळ हाच खटला होता

तुरुंगातून पळालेला फाशीचा एक कैदी बर्गरच्या हॉटेलात घुसतो. हातात पिस्तूल. तिथे काम करणाऱ्या एका शाळकरी मुलीला तो ओलीस धरतो आणि दारू-सिगरेट मागवतो. आणून द्यायला गिऱ्हाइकांतला सगळ्यात किरकोळ पोरगा निवडतो, कारण त्या चिपाडाकडून कसला आलाय धोका! पोरगा सामान घेऊन येतो, पण समोर बसतो तेव्हा त्याची नजर बदललेली असते. म्हणतो, एक खेळ खेळूया. दहा बोटांपैकी प्रत्येकाने एकच बोट हलवायचं, कुठलं ते ज्याचं त्याने ठरवायचं. कैदी अर्थातच चापावरचं बोट निवडतो. पोरगा अंगठा निवडतो.

अंगठ्याने काय करता येतं? लायटर पेटवता येतो. पोरगा कैद्याची सिगरेट शिलगावून देतो आणि पेटता लायटर अलगद त्याच्याच हातावर ठेवून देतो. तोवर दारू ग्लासाबाहेर वाहायला लागलेली असते. आता चाप ओढला तर हाताला झटका बसणार, लायटर दारूत पडणार. बोट आहे, पिस्तूल आहे, गोळीही आहे, फक्त वापरता येत नाही. पोरगा त्या मुलीचा हात धरून शांतपणे उठतो आणि चालायला लागतो. मागे काय होतं ते तुम्ही ओळखलं असेलच.

हे ‘यु-गि-ओ!’ या जपानी गोष्टीतलं आहे असं सांगितलं तर माझा भाचा विश्वास ठेवत नाही. “मामा, ती तर पत्त्यांची आहे ना?” त्याचंही बरोबर आहे. टोकदार केसांचा मुलगा, हाताला बांधलेलं यंत्र, हवेत उभे राहणारे ड्रॅगन आणि एक पत्ता टाकायला पाच मिनिटांचं भाषण, हे जगाला माहीत असलेलं रूप २००० साली टीव्हीवर आलं. त्याच्या दोन वर्षं आधी याच गोष्टीवर एक वेगळी मालिका येऊन गेली होती. टोएई अ‍ॅनिमेशनने बनवलेली, टीव्ही आसाही या वाहिनीवर ४ एप्रिल ते १० ऑक्टोबर १९९८ या काळात दाखवलेली, अवघ्या २७ भागांची. चाहते तिला ‘सीझन झिरो’ म्हणतात. नाव सोयीचं असलं तरी दिशाभूल करणारं आहे, कारण ती नंतरच्या मालिकेचा आधीचा हंगाम नाहीच. स्टुडिओ वेगळा, वाहिनी वेगळी, आवाज वेगळे. एकाच कादंबरीवर दोन कंपन्यांनी दोन नाटकं बसवावीत तसं ते नातं आहे.

मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काझुकी ताकाहाशी यांचा. १९९६ च्या सप्टेंबरात ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात सुरू झालेला आणि २००४ पर्यंत चाललेला, ३८ खंडांचा. जंप म्हटलं की हाणामारी आलीच, पण ताकाहाशींना कुणालाही हात न लावता लढणारा नायक हवा होता. त्याचं हत्यार म्हणजे खेळ. नायकाचं नावच युगी, जपानीत त्याचा अर्थ खेळ. ‘युगिओ’ म्हणजे खेळांचा राजा. आजोबांचं नाव सुगोरोकु, म्हणजे फासे टाकून पटावर खेळायचा जुना जपानी खेळ. नात्यात सगळे खेळच! आजोबांचं खेळण्यांचं दुकान आहे, आणि नातू शाळेत एकटा पडलेला, कुणी हिणवलं तरी उलट न बोलणारा. त्याच्याकडे इजिप्तमधून आलेलं एक सोन्याचं कोडं आहे, सुट्या तुकड्यांचं. आठ वर्षं खटपट करून तो ते जुळवतो आणि त्यातून दुसरा कुणीतरी त्याच्या अंगात उतरतो, पुढे कळतं की तो एका फारोचा, म्हणजे इजिप्तच्या राजाचा, आत्मा आहे. हा दुसरा युगी दुष्टांना गाठतो आणि खेळायला बोलावतो. या खेळाला जपानी शब्द आहे ‘यामी नो गेमु’, काळोखाचा खेळ.

आता मुख्य मुद्द्याकडे. हा खेळ म्हणजे नक्की काय? वरवर पाहिलं तर सूडकथा वाटते, पण तिची आतली रचना कोर्टासारखी आहे. फरक एवढाच की इथे आरोपीला आपण कोर्टात उभे आहोत हेच माहीत नसतं.

पहिल्याच प्रकरणातला उशिओ घ्या. शाळेत शिस्त राखायचं काम त्याच्याकडे, अंगाने रेडा. युगीला तो म्हणतो, मी तुझा रक्षक होतो. युगीला त्रास देणाऱ्या दोन पोरांना, जोनोउचीला आणि होंडाला, तो बेदम चोपतो आणि मग या सेवेचे २ लाख येन मागतो. युगीने त्याला काही सांगितलेलंच नसतं, उलट तो मार खाणाऱ्यांच्या आडवा येतो. त्याच रात्री कोडं पूर्ण होतं. काळोखातला युगी उशिओला शाळेत बोलावतो आणि म्हणतो, पैसे आणलेत, पण खेळून घ्यायचे. नोटांची गड्डी हाताच्या पंजावर ठेवायची, वरून सुरी मारायची, सुरीला जितक्या नोटा लागतील तितक्या आपल्या. पाळीपाळीने.

जरा थांबून या खेळाकडे बघा. हळू मारलंत तर थोड्या नोटा मिळतात, हात शाबूत राहतो. जोरात मारलंत तर जास्त नोटा आणि हाताला भोक. म्हणजे सुरी किती खोल जाणार हे खेळणाऱ्याची हाव ठरवते. युगीने काही ठरवलेलं नाही, त्याने फक्त मोजमाप समोर ठेवलंय. ताप मोजायला थर्मामीटर असतो, तसा हा हाव मोजायचा खेळ. उशिओच्या लक्षात येतं की आपला हात आपल्याला आवरणार नाही. मग तो काय करतो? सुरी पंजावर न मारता युगीवर उगारतो. नियम मोडतो. तिथे निकाल लागतो. दुसऱ्या दिवशी शाळेतली पोरं बघतात, तर उशिओ कचऱ्यात आणि पाचोळ्यात लोळतोय, आणि त्याला तो सगळा ढीग नोटांचा दिसतोय.

या एका प्रसंगात सगळी पद्धत आली. आरोपी आपखुशीने बसतो, बहुतेक वेळा आपणच जिंकणार या खात्रीने. नियम दोघांना सारखे असतात. आपला शकुनी आठवा: तिथे फासेच कह्यात होते, समोरच्याला जिंकायची वाटच नव्हती. इथे उलट. काळोखातला युगी स्वतःही डावावर असतो, हरला तर भोगायची तयारी ठेवून. मात्र खेळ निवडायचा अधिकार तो सोडत नाही, आणि तो खेळ समोरच्याच्या खोडीच्या मापाने शिवलेला असतो. सरळ खेळलं तर बहुतेकांना सुटता येईल, पण सरळ खेळणं ज्याला जमतं त्याच्यावर ही वेळच आली नसती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, या मालिकेची अख्खी यंत्रणा त्या चांदण्यावर चालते.

शिक्षेलाही नाव आहे: ‘बात्सु गेमु’. हा शब्द ताकाहाशींनी घडवलेला नाही आणि त्यात गूढही काही नाही. बात्सु म्हणजे शिक्षा. मित्रांच्या बैठकीत किंवा टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत हरणाऱ्याला जे काही हास्यास्पद करावं लागतं, झणझणीत काहीतरी खा, अंगावर गार पाणी घे, त्याला जपानी माणूस बात्सु गेमु म्हणतो. आपल्याकडे गाण्याच्या भेंड्यांत भेंडी चढते, मेंढीकोटात कोट चढतो, गाढव खेळताना शेवटी अडकलेल्याला अख्खी दुपार गाढव म्हणून हाक मारतात, त्यातलाच हा प्रकार. आता कल्पना करा की कपाळावर तिसरा डोळा उघडलेला कुणीतरी समोर उभा आहे आणि ‘तुझ्यावर भेंडी’ असं म्हणत बोट रोखतो, आणि तुम्ही वेडे होता. घरगुती शब्द आणि भयानक परिणाम यांच्या फटीत ही भीती राहते. भाषांतरात ‘दंड’, ‘शिक्षेचा खेळ’ असं काही केलं की नेमकी ती फट बुजते.

शिक्षा बहुतेकदा शरीराला नसते. माणूस जसा आहे तसाच त्याला आतून कोंडलं जातं. एक टीव्ही दिग्दर्शक युगीला मार खायला लावून त्याचं छुपं चित्रण करतो, सनसनाटी कार्यक्रमासाठी. शिक्षा म्हणून त्याला सगळं जग मोझॅकमध्ये दिसायला लागतं, बातम्यांत चेहरे झाकायला चौकोन-चौकोन करतात तसं. दुसरा एक दांडगा लोकांना जबरदस्तीने बसवून रात्रभर स्वतःचं बेसूर गाणं ऐकवतो. त्याच्याशी खेळ गप्प बसण्याचा, आणि शिक्षा म्हणजे स्वतःच्याच छातीचे ठोके कानठळ्या बसतील एवढ्या आवाजात ऐकू येणं. या दुसऱ्या शिक्षेतला विनोद मला आजही आवडतो. गल्लीतल्या डीजेसाठी अशी काही सोय करता आली तर!

पण हा न्याय म्हणावा का? मला स्वतःला पहिली काही प्रकरणं वाचताना मजा येते आणि लगेच थोडं अवघडल्यासारखं होतं. फिर्याद करणारा, न्याय देणारा आणि शिक्षा अमलात आणणारा एकच. अपील नाही. खंडणी मागणारा शाळकरी पोरगा आणि खुनी कैदी यांच्या शिक्षेत फारसं अंतर नाही. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्या युगीला यातलं काहीच आठवत नाही. मधला वेळ कुठे गेला ते त्याला कळत नाही. पुढे तो मित्रांना घाबरत घाबरत सांगतो की माझ्या आत दुसरा कुणीतरी आहे, आणि मैत्रीची खरी परीक्षा तिथे होते. ताकाहाशींनाही हा प्रश्न छळत असावा असं मला वाटतं, कारण थोड्याच प्रकरणांत ते युगीसमोर दुसरा न्यायाधीश उभा करतात.

त्याचं नाव शादी. हातात तराजू, गळ्यात किल्ली. फारोच्या थडग्यातून आलेल्या वस्तूंवर पैसा कमावणाऱ्या संग्रहालयाच्या एका संचालकाला तो गाठतो, प्रश्न विचारतो आणि एका पारड्यात पीस ठेवतो. खोटं बोललं की दुसरं पारडं जड होतं. जड झालं की आम्मित येते.

हे सगळं ताकाहाशींनी इजिप्तमधून जवळपास जसंच्या तसं उचललंय. मृतांबरोबर पुरल्या जाणाऱ्या ‘मृतांच्या पुस्तका’च्या १२५ व्या प्रकरणात हा निवाडा येतो. मेलेल्या माणसाचं हृदय एका पारड्यात, दुसऱ्यात माअतचं पीस. माअत म्हणजे सत्य, आणि जगाची घडीही. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस तराजू सारखा करतो, थोथ निकाल लिहून घेतो, आपल्या चित्रगुप्तासारखा. शेजारी आम्मित बसलेली: तोंड मगरीचं, पुढचं धड सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. हृदय जड भरलं की ती खाऊन टाकते आणि त्या माणसाचं परलोकातलं जगणंही संपतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या आनीच्या पपायरसवर हे चित्र फार सुंदर आहे, सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीचं.

याहून गंमतीची गोष्ट म्हणजे इजिप्तमध्ये खेळ आणि परलोक खरोखरच जोडलेले होते. सेनेत नावाचा ३० घरांचा पट होता, दोघांनी सोंगट्या सरकवत खेळायचा. १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामुनच्या थडग्यात असे पट निघाले. राणी नेफेरतारीच्या थडग्यातल्या चित्रात ती एकटीच सेनेतसमोर बसली आहे, समोर खेळणारा कुणीच नाही. काळाच्या ओघात या खेळाला मेल्यानंतरच्या प्रवासाचा अर्थ चिकटला: शेवटच्या घरांतून सोंगटी बाहेर काढली की आपण पार पडलो. तेव्हा ‘फारोचा आत्मा खेळातून न्याय करतो’ ही कल्पना ऐकायला बालिश वाटली तरी तिचं मूळ पोकळ नाही.

आता टोएईच्या मालिकेविषयी. शिंगो आराकी आणि मिचि हिमेनो या जोडीने तिचे चेहरे आखले. ‘सेंट सेया’ बघितलेल्यांना ते टोकदार, नाट्यमय डोळे लगेच ओळखू येतील. दिग्दर्शक हिरोयुकी काकुदो पुढच्याच वर्षी ‘डिजिमॉन अ‍ॅडव्हेंचर’कडे गेले. दोन्ही युगींना आवाज मेगुमी ओगाता यांचा, ज्यांनी १९९५ च्या ‘इव्हँजेलियन’मध्ये शिंजी केला होता. एकच बाई आधी मिणमिणत्या आवाजात बोलते आणि दुसऱ्या क्षणाला तोच गळा थंड पडतो. खेळ सुरू करताना काळोखातला युगी म्हणतो, काळोखाचं दार उघडलंय. मला विचाराल तर अख्ख्या मालिकेतली सगळ्यात भीतिदायक गोष्ट ओगातांचा आवाज आहे, चित्रं नंतर.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला घरातल्या सगळ्यांनी बघायची मालिका असल्याने मांगातलं बरंच रक्त पुसलं गेलं. पंजावरचा सुरीखेळ गेला, त्या जागी वेगळा खेळ आला. मांगात एकदाच येऊन गेलेली मिहो ही मुलगी इथे मित्रमंडळात कायमची बसवली आहे आणि होंडा तिच्यामागे लागलेला. ही भर मला तरी जड जाते, तिचे प्रसंग आले की कथा रेंगाळते. श्रीमंत खेळाडू काइबाचे केस हिरवे आहेत, नंतरची मालिका बघून आलेल्यांना याचाच धक्का सगळ्यात मोठा बसतो. शेवटच्या भागांत बाकुरा नावाच्या मुलाचा पटावरचा भूमिका-खेळ आहे, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचा. त्यात खेळणाऱ्यांचे आत्मे छोट्या बाहुल्यांमध्ये कोंडले जातात आणि फासे टाकणारा स्वतःच लबाड असतो. संपूर्ण मालिकेत काळोखाचा खेळ म्हणजे काय हे याहून चांगलं कुठे दिसत नाही, कारण इथे प्रथमच नियम चालवणाराच दुष्ट निघतो.

हीच मालिका बघताना १९९० च्या दशकातला जपानही दिसतो. तामागोची १९९६ च्या शेवटी बाजारात आलं आणि लगेच मांगात एकमेकांना खाणारे डिजिटल प्राणी आले. यो-यो येतो, फासे येतात, कॅप्सूलमधले राक्षस येतात. दर आठवड्याला नवा खेळ, नवा गुन्हेगार. १९९३ च्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या अमेरिकी पत्त्यांच्या खेळावरून सुचलेला ‘मॅजिक अँड विझर्ड्स’ हाही त्यातलाच एक, नवव्या प्रकरणात येऊन जाण्यापुरता.

पण तो गेला नाही. वाचकांनी पत्रं पाठवून विचारलं, हा खेळ कसा खेळायचा? पत्ते कुठे मिळतील? आता मासिक चालवणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जंपमधून ‘ड्रॅगन बॉल’ १९९५ मध्ये आणि ‘स्लॅम डंक’ १९९६ मध्ये संपलेले, खप उतरणीला लागलेला, आणि वाचक स्वतःहून काहीतरी मागताहेत. पत्ते परत आले, काइबा परत आला, आणि हळूहळू गोष्टच पत्त्यांची झाली. कोनामीचा खरा पत्त्यांचा खेळ फेब्रुवारी १९९९ मध्ये निघाला. त्याच मार्चमध्ये टोएईचा अर्ध्या तासाचा चित्रपट आला, त्यात पत्तेच मध्यभागी होते. एप्रिल २००० मध्ये टीव्ही टोकियोवर स्टुडिओ गॅलपची ‘ड्युएल मॉन्स्टर्स’ सुरू झाली ती २२४ भाग चालली. २०११ पर्यंत विकल्या गेलेल्या पत्त्यांची संख्या २५ अब्जांच्या वर गेल्याची नोंद गिनेसकडे आहे.

यात न्यायाचं काय झालं? पत्त्यांच्या खेळात नियम आधीच छापलेले असतात, पेटीसोबत मिळतात. ते समोरच्याच्या हावेच्या मापाने शिवता येत नाहीत. त्यामुळे ‘तू कोण आहेस ते हा खेळ सांगेल’ हे मागे पडलं आणि ‘कोण जिंकेल’ हे पुढे आलं. ही घसरण आहे असं मी म्हणणार नाही, ड्युएल मॉन्स्टर्सच्या चांगल्या लढती मी नखं खात बघितल्या आहेत. पण ती वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेत ४किड्स कंपनीने २००१ मध्ये तिचा इंग्रजी अवतार काढला तेव्हा पिस्तुलं पुसून माणसं नुसती बोटं रोखताना दाखवली आणि मरणाच्या जागी ‘शॅडो रेल्म’ नावाचा धुरकट प्रदेश आणला. शिक्षा उरली, पण कशाबद्दल ते नाही. जंपच्या अमेरिकी आवृत्तीने २००२ च्या अखेरीस मूळ मांगा पहिल्या प्रकरणापासून छापायला घेतला तेव्हा ड्रॅगनच्या आशेने पान उलटणाऱ्या पोरांसमोर पाचोळ्यात लोळणारा उशिओ आला.

टोएईची मालिका इंग्रजीत अधिकृतपणे कधी आलीच नाही. म्हणून नव्याने सुरू करणाऱ्याला मी मांगाचे पहिले सात खंड सुचवतो. शादी, बाकुराचा पट, काइबाने सूड घ्यायला बांधलेला जीवघेणा खेळबाग, सगळं त्यात आहे, आणि पत्ते अजून बेतात आहेत.

आणि उशिओची काळजी नको. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘फाइव्ह-डीज’ या पुढच्या मालिकेत त्याच नावाचा, त्याच जबड्याचा माणूस मोटरसायकलवरून येतो. पोलिसात लागलाय.